वेगाशी उशिरा झालेली ओळख

जे पाहिले नाही त्यावर लिहू नये, हा परीक्षणाचा पहिला नियम. नाटके आणि पुस्तके यांवर मी चाळीसएक वर्षे लिहीत आलो, आणि एकदोन अपवाद सोडले तर हा नियम पाळला असे म्हणायला हरकत नाही. त्या अपवादांपैकी एक कुठे छापून आलेला नाही. तो घरातल्या घरात घडला. १९९६ च्या डिसेंबरात माझा एक भाचा इंग्लंडहून आला. येताना त्याने आमच्या चिरंजिवांसाठी 'प्लेस्टेशन' नावाची एक करड्या रंगाची पेटी आणली आणि तिच्यात घालायची एकच तबकडी. खेळाचे नाव 'वाइपआउट'. चिरंजीव दहावीत होते. दिवाणखान्यातून जाता-येता पडद्यावर काहीतरी सुसाट सुटलेले आणि लगेच भिंतीवर आपटलेले मला दिसे. तेवढ्या दर्शनावर मी निकाल देऊन टाकला : हा खेळ नव्हे, ही डोळ्यांना मारहाण आहे. पेटी माळ्यावर गेली. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी ती खाली आली नाही. कारण मी काढली नाही आणि मुलाने मागितली नाही. त्याने वाद घातला असता तर मला निदान कारणे तरी द्यावी लागली असती.

यंदा उन्हाळ्यात त्याच मुलाच्या घरी महिनाभर मुक्काम होता. त्याच्याकडे त्याच खेळाचा २०१७ साली निघालेला संग्रह आहे, 'ओमेगा कलेक्शन' नावाचा. माझी अकरा वर्षांची नात तो खेळते. एका संध्याकाळी मी तिच्या पाठीमागे उभा राहून काहीतरी शेरा मारला असावा. मुलाने वर्तमानपत्र खाली ठेवले, तिच्या हातातला कंट्रोलर घेऊन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, एकदा स्वतः खेळा. मग लिहा काय लिहायचं ते." तेव्हा हे लिहिणे आले. ओळख तीन-चार आठवड्यांची आहे. मुरलेल्या खेळाडूंनी यात सखोल मीमांसा शोधू नये.

खेळ शर्यतीचा आहे, पण गाड्यांना चाके नाहीत. भविष्यकाळातली ही याने जमिनीपासून थोडी वर तरंगत धावतात. शाळकरी मुले वहीच्या शेवटच्या पानावर अणकुचीदार विमाने काढतात त्यातलाच हा प्रकार, अशी माझी समजूत होती. कंट्रोलर हातात घेतल्यावर कळले की सगळा खेळ या चाक नसण्यातून निघालेला आहे. मोटार वळवली की चाक रस्ता धरते आणि मोटार वळते. इथे धरायला काही नाही. यानाचे नाक वळते, पण धड पूर्वीच्याच दिशेने वाहत राहते. ज्याने खाडीत होडी वल्हवली आहे त्याला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. या वाहण्यावर उपाय म्हणून यानाच्या दोन्ही अंगांना हवेचे ब्रेक दिले आहेत. डावा दाबला की डावी बाजू हवेत रुतते आणि यान डावीकडे फिरते. दोन्ही दाबले तर वेगच मरतो. पहिल्या संध्याकाळी मी सरळ रस्त्यावर बरा गेलो आणि प्रत्येक वळणावर भिंतीला जाऊन भिडलो. आठ यानांच्या शर्यतीत आठवा आलो, आणि तेही दोनदा. नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही वळण आल्यावर वळता. ते यायच्या आधी वळायचं असतं."

"पण ते दिसायच्या आधी मला कसं कळणार?"

"पाठ करायचं!" ती म्हणाली. पाढे पाठ करायचे असतात हे मी तिला एकदा ज्या स्वरात सांगितले होते, अगदी त्याच स्वरात.

तिचे म्हणणे मला पुढचे आठ-दहा दिवस पुरले. या वेगात डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबले तर उशीर झालेला असतो. रस्ता आधी हातांना ठाऊक व्हावा लागतो. मग डोळे मोकळे होतात आणि मगच खेळ दिसू लागतो. एकच मार्ग मी वीस-पंचवीस वेळा धावलो. पहिल्या दहा वेळा तो मला अंगावर येणारा गोंगाट वाटला. पुढे केव्हातरी, कुठल्या फेरीत ते आता सांगता येणार नाही, एक उतार, त्यानंतरची झेप आणि तिच्याखालचे उजवे वळण ही तीन वेगळी संकटे न राहता एक सलग हालचाल झाली. एखाद्या गायकाची तान प्रथम ऐकताना नुसती धावपळ वाटावी आणि दहाव्यांदा ऐकताना तिच्यातली जागा सापडावी, तसे झाले. म्हणजे असे की पहिल्या भेटीत हा खेळ कळणे जवळजवळ अशक्यच आहे, आणि दारातून जाता-येता पाहणाऱ्याला तर तो कधीच कळणार नाही. चिरंजीव शेजारीच बसले होते. हे मी त्या वेळी मोठ्याने बोललो नाही.

नवशिक्यांसाठी यात एक सोय ठेवली आहे. ती चालू केली की यान भिंतीजवळ गेले रे गेले की कुणीतरी अदृश्य हात ते आत ढकलतो. नातीने माझी दया येऊन ती चालू केली. मी लगोलग पाचवा आलो आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. दुसऱ्याने हात धरून काढून दिलेल्या रांगोळीसारखे ते वाटले. सोय बंद करून पुन्हा आठवा आलो, तेव्हा बरे वाटले.

आता थोडे या खेळाच्या घराण्याविषयी. त्याचा जन्म लिव्हरपूलचा. बीटल्समुळे आपल्याला माहीत असलेल्या या बंदराच्या शहरात 'सिग्नोसिस' नावाची एक कंपनी संगणकावरचे खेळ करीत असे. १९९३ साली 'सोनी'ने ती विकत घेतली, आणि १९९५ च्या सप्टेंबरात प्लेस्टेशन युरोपात विक्रीला आले तेव्हा त्याच्याबरोबर हा खेळ आला. त्याच्या मुळाशी एक आख्यायिका आहे. कर्त्यांपैकी निक बर्कम हे एकदा 'सुपर मारिओ कार्ट' हा मुलांचा गमतीदार शर्यतीचा खेळ खेळत होते. शेवटची शर्यत काही केल्या जिंकता येईना. तेव्हा त्यांनी खेळाचा आवाज बंद केला, शेजारी नाचाचे विजेरी संगीत लावले, आणि जिंकले. आख्यायिकांना मीठमसाला लागलेला असतोच. पण खेळ पाहिल्यावर ही गोष्ट खरी मानावीशी वाटते. यात संगीत मागाहून लावलेले वाटत नाही. संगीत आधी होते आणि त्याला धावायला रस्ता बांधून दिला, असे वाटते.

पहिल्या खेळाचे बरेचसे संगीत टिम राइट यांचे आहे. त्यांनी टोपणनाव घेतले आहे 'कोल्ड स्टोरेज' – मला तळेगावच्या बटाट्यांची आठवण झाली, पण ते असो. युरोपात विकलेल्या तबकडीवर लेफ्टफील्ड, केमिकल ब्रदर्स आणि ऑर्बिटल या त्या काळच्या गाजलेल्या मंडळींच्याही रचना होत्या. या संगीताला शब्द जवळजवळ नाहीत, आळवणे नाही, समेवर येण्याचा सोहळा नाही. एक ठोका अखंड चालू असतो. बैठकीत बसून ते ऐकायचे म्हटले तर मी पाच मिनिटांत उठेन. यान हातात असताना मात्र त्या ठोक्याचे काम कळते. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. ठोका एकसारखा आणि वळणे अनियमित, हा इथला विरोध. आणि वळण साधले की क्षणभर दोन्ही जुळतात. त्या जुळण्यासाठीच माणूस पुन्हा खेळतो, पहिल्या क्रमांकासाठी नव्हे. निदान माझ्यासारखा आठव्या क्रमांकाचा माणूस तरी.

डोळ्यांसाठी जे केले आहे त्याचे श्रेय शेफील्डच्या 'द डिझायनर्स रिपब्लिक' या चित्रशाळेकडे जाते. संघांची बोधचिन्हे, अक्षरांची वळणे, रस्त्यालगतचे फलक, खेळाचे वेष्टन, हे सारे त्यांनी अशा थाटात रचले की तो काळ आणि त्या कंपन्या खरोखरच कुठेतरी असाव्यात. १९९५ च्या खेळातले साल आहे २०५२. शर्यतीतले संघ चार : युरोपचा 'फायझार', जपानचा 'एजी सिस्टिम्स', उत्तर अमेरिकेचा 'ऑरिकॉम' आणि रशियाचा 'किरेक्स'. नावे कारखान्यांची, पण प्रत्येकामागे एकेक देश किंवा खंड उभा. लिव्हरपूलच्या मंडळींनी भविष्य कल्पिले त्यात यंत्रे तरंगू लागली, मंगळावर शर्यतीचा मार्गही बांधला गेला, फक्त जाहिरातींच्या फलकांपासून सुटका काही झाली नाही. १९९५ पासून २०५२ पर्यंतची निम्म्याहून अधिक वाट आपण चालून आलो. तरंगणारी मोटार अजून आमच्या गल्लीत आलेली नाही. फलकांचे भाकीत तेवढे शब्दशः खरे ठरले.

या देखाव्यात एक गंमत आहे, आणि माझी एक तक्रारही. 'सोल टू' नावाचा एक मार्ग ढगांच्या वर बांधला आहे; खाली नुसते आभाळ आणि त्यात वळत गेलेली रस्त्याची पट्टी. इतके रेखीव, इतके झगझगीत काम, आणि ते पाहायचे कधी? मान वर करून पाहिले की यान भिंतीला लागलेच. मी कुरकुर केली तेव्हा नातीने खेळ थांबवला आणि फोटो काढण्याची जी सोय आहे ती उघडून मला सगळा परिसर सावकाश फिरवून दाखवला. आश्चर्य असे की थांबलेल्या त्या देखाव्यात मला काही सापडेना. सुबक होता, पण रिकामा होता. चालकाचा चेहराही दिसत नाही. पहिल्या खेळात निदान चालकांना नावे आणि तोंडवळे होते. पुढे ते कुठे गेले कोण जाणे. वेगात असताना कडेने जे रंगांचे फराटे जातात त्यांत जो जिवंतपणा आहे, तो स्थिर चित्रात नाही. चित्रकाराने पाहण्यासाठी नव्हे तर ओझरते दिसण्यासाठी चित्र काढायचे, हा प्रकार मला नवा आहे, आणि तो मान्य करायला मला थोडे जड जाते.

या ओझरत्या दिसण्यासाठी मेहनत मात्र अफाट आहे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, इथे साठ. २००८ साली 'वाइपआउट एचडी' निघायचे होते तेव्हा त्यातल्या लखलखाटाने अपस्माराचा त्रास असलेल्यांना झटका येईल की काय याची चाचणी झाली, तीत तो उतरला नाही, आणि दुरुस्तीसाठी प्रकाशन लांबले. ज्यांच्या घरी असा त्रास कुणाला असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे. माझ्या डोळ्यांनाही अर्ध्या तासापेक्षा अधिक सोसत नाही. म्हणजे १९९६ सालचे माझे ते वाक्य अगदीच निराधार नव्हते; एवढे समाधान मला असू द्या.

दुसरी तक्रार हत्यारांची. रस्त्यावर ठिकठिकाणी रंगीत पट्टे असतात. त्यांवरून गेले की हाती काहीतरी लागते – अग्निबाण, सुरुंग, ढाल, जादा वेग – आणि त्यातून पुढच्याला उडवायचे, मागच्याला अडवायचे. नव्या खेळांत हाती आलेले हत्यार न वापरता जिरवून टाकावे आणि त्याच्या बदल्यात यानाची घटलेली शक्ती भरून काढावी, अशीही मुभा आहे. ही कल्पना मात्र खरोखरच हुशारीची आहे. क्षणाक्षणाला झाडायचे की जिरवायचे हा प्रश्न पडतो. तरीसुद्धा माझे मत बदलत नाही. तिसऱ्या अंकात कथानक लंगडे पडले की काही नाटककार खिशातून पिस्तूल काढतात. इथे तर कथानक धडधाकट असताना पिस्तूल निघते. वळण साधण्याच्या ऐन क्षणी मागून कुणी अग्निबाण सोडावा, याने रसभंगापलीकडे काय होते? नातीला हे मत मुळीच पटत नाही. तिला अग्निबाणच सर्वांत जास्त आवडतात. तिचे म्हणणेही इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर ती मला पुढच्या सुट्टीत कंट्रोलर देणार नाही.

कर्त्यांच्या मनातही हा संशय असावा, कारण त्यांनीच 'झोन' नावाचा एक वेगळा प्रकार २००२ साली आणला. त्यात हत्यारे नाहीत आणि प्रतिस्पर्धीही नाहीत. वेग आपल्या हातात नसतो. यान आपोआप, टप्प्याटप्प्याने, वाढत्या वेगाने जाऊ लागते आणि आपण फक्त वळवायचे. नव्या आवृत्तीत शहर, फलक, आभाळ सगळे पुसून जाते; उरतात शुद्ध रंग, आणि प्रत्येक मोठ्या टप्प्याला ते बदलतात. भिंतीला जितके घासाल तितकी शक्ती कमी, आणि संपली की यान फुटते. जिंकणे यात नाहीच. शेवट ठरलेला आहे. तो किती लांबवता येतो एवढाच प्रश्न. वरच्या एका टप्प्याला 'झेन' असे नाव आहे. नात तिथवर पोचते. मी त्याच्या बराच अलीकडे फुटतो. पण या संग्रहातले अस्सल असे मला विचाराल तर हेच. एका रात्री सगळे निजल्यावर मी आवाज अगदी बारीक करून तासभर हेच खेळत होतो. अर्ध्या तासाचा नियम त्या रात्री मोडला, हे आमच्या घरातून कुणाला कळू नये.

या संग्रहात '२०४८' नावाचा एक भाग आहे. तो २०१२ सालचा. त्यात या शर्यतींची सुरुवात दाखवली आहे : खास मार्ग अजून बांधलेले नाहीत, शहरातल्या जुन्या रस्त्यांवरूनच याने धावतात. या घराण्यातली ही लिव्हरपूलच्या त्या मंडळींची अखेरची कृती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो स्टुडिओ बंद झाला आणि 'ओमेगा'चा हा संग्रह पुढे दुसऱ्यांनी सिद्ध केला. शेवटच्या पुस्तकात लेखकाने आपले बालपण लिहावे, तसे काहीसे त्या भागात मला जाणवले. पण पुढचे ठाऊक असल्यामुळेही तसे वाटत असेल.

हा लेख इथे संपायचा होता. श्रावणात मुलगा आणि नात दोन दिवसांसाठी इकडे आली आणि नातीने 'ती जुनी पेटी' पाहण्याचा हट्ट धरला. मुलगा माळ्यावर चढला. पेटी जुन्या चादरीत गुंडाळलेली होती; ती चादर मीच गुंडाळली होती हे मला आठवले. मागच्या खोलीतला जाड टीव्ही अजून चालतो. तारा जोडल्या, तबकडी घातली; ती नुसतीच कुरकुरत राहिली. मग मुलाने पेटी उचलून पालथी घातली. या जुन्या पेट्यांतले तबकडी वाचणारे भिंग झिजून खाली बसते आणि उलटे केले की पुन्हा जागेवर येते, असे तो म्हणाला. आणि खरेच, पालथी पेटी चालू झाली.

पडद्यावरचे चित्र आता ओबडधोबड दिसते. कडा करवतीसारख्या, दूरचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी उगवणारा. भिंतीचे वागणे तर फारच कडक. नव्या खेळांत भिंतीला घासून पुढे निसटता येते, इथे लागले की यान जवळजवळ उभेच राहते. पुढच्या वर्षीच्या '२०९७' मध्येच कर्त्यांनी ही शिक्षा सौम्य केली, आणि ते योग्यच केले. पण हे सगळे मी नंतर पाहिले. आधी संगीत सुरू झाले आणि मी जागीच थांबलो. ते मी ऐकलेले होते. एकदा नव्हे, रोज संध्याकाळी. दहावीच्या त्या वर्षी मुलगा अभ्यासाला बसण्यापूर्वी आमच्या म्युझिक सिस्टिमवर एक तबकडी लावीत असे, आणि पोराला निदान संगीताची गोडी लागली म्हणून मी मनातून खूश होतो.

"हीच तबकडी होती?" मी विचारले.

"हीच. पहिला ट्रॅक लावायचा नाही, त्यात खेळ असतो. दुसऱ्यापासून गाणी." तो तारा सारख्या करीत होता. "डोळे मिटून बसायचो. सगळी वळणं पाठ होती."

नातीने माझ्या हातात तो जुना, करडा कंट्रोलर दिला. त्याची बटणे अजून चांगली आहेत. वापरलीच कुठे होती! आकडे उलटे मोजले गेले, याने सुटली, मी आठवा होतो. चढ संपून उतार सुरू झाला तसा मुलगा शेजारी येऊन खाली सतरंजीवर बसला.

"आता डावा ब्रेक, बाबा," तो म्हणाला. "आता, आत्ताच. वळण दिसायची वाट नका पाहू."